बैठी गादी आणि वाढती मुले

व्यापारी माणसास जमाखर्चाची भाषा लवकर समजते. म्हणून शरीरशास्त्राचा हा लहानसा पाठ त्याच भाषेत मांडण्याचे योजिले आहे. शरीर ही एक पेढी होय. तिचे मूळ भांडवल मातेच्या उदरात जमू लागते, बाल्यात व किशोरवयात ते वाढते, आणि पुढे आयुष्यभर मनुष्य त्यावर व्यवहार करतो. हे भांडवल कशाने वाढते व कशाने बुडते, याविषयी गेल्या पाऊणशे वर्षांत पुष्कळ संशोधन झाले. त्यांतील काही मोलाचे संशोधन तर पुण्याजवळच्या खेड्यांतच झाले आहे.

गिऱ्हाईक आणि दुकानदार

उत्तर कन्नड जिल्ह्यातील आपला जोयडा तालुका विस्ताराने मोठा, पण वस्तीने विरळ. काळी नदीवरील सुपा धरणात जुने सुपा गाव बुडाले, विस्थापितांसाठी रामनगर वसले, बाजारपेठा हलल्या. परंतु रानातील वाड्यावस्त्यांवर राहणाऱ्या कुणबी, गवळी व सिद्दी कुटुंबांची पायपीट काही संपली नाही. चढउतार पार करून आलेले गिऱ्हाईक आपल्या पायरीशी उभे असते, आणि आपण मात्र सकाळपासून गादीवर बसलेले असतो. या दोन देहांत काय अंतर पडते?

या प्रश्नाचा पहिला मोठा शोध लंडन शहरात लागला. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी दुमजली बसगाड्यांवरील नोकरांची तपासणी करून १९५३ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. चालक दिवसभर बसलेला, तर वाहक तिकिटांसाठी सतत जिने चढत-उतरत असलेला. पगार, वस्ती व राहणी साधारण सारखीच. तरीही हृदयविकार चालकांत अधिक आढळला. पुढे १९५६ साली याच संशोधकांनी गणवेशांची मापे तपासली, तेव्हा चालकांच्या कमरेचा घेर मुळातच अधिक असल्याचे दिसून आले. म्हणजे सारा दोष केवळ बैठकीवर टाकता येत नाही. खऱ्या शास्त्रज्ञाचे हेच लक्षण की तो आपल्याच निष्कर्षास पुन्हा तराजूत घालतो. तथापि त्यानंतरच्या असंख्य अभ्यासांनी श्रमाचे महत्त्व पक्के केले आहे.

याचे कारणही कळून आले आहे. स्नायू आकुंचन पावू लागला की तो रक्तातील साखर स्वतः ओढून घेतो. त्यासाठी त्यास इन्शुलिनची वाट पाहावी लागत नाही. बसून राहणाऱ्याचा स्नायू हे काम करीत नाही, आणि साखरेचा सारा भार स्वादुपिंडावर पडतो.

रक्तात काय आहे?

'रानातली माणसे जन्मतःच काटक, आपली मुले जन्मतःच नाजूक,' असे आपण सहज बोलून जातो. हा समज किती खरा? १९८७ साली भारतीय क्रीडा प्राधिकरणाने विशेष क्षेत्र क्रीडा योजनेत आपल्या जिल्ह्यातील सिद्दी मुलांची मैदानी खेळांसाठी निवड केली. मूळ आफ्रिकी वंशाचे हे लोक धावण्यात उपजतच निपुण असतील, अशी त्यामागे अपेक्षा होती. प्रशिक्षण मिळालेल्यांपैकी काहींनी राष्ट्रीय पातळीवर यश मिळविले; परंतु काही वर्षांतच योजना बंद पडली आणि अनेक तरुण पुन्हा मोलमजुरीकडे वळले. यावरून बोध असा की वंश काहीही असो, नियमित आहार, शिक्षक व सातत्य यांवाचून देहातील शक्ती फळास येत नाही. आणि हेच खरे असेल, तर आपल्या मुलांच्या नाजूकपणाचा दोषही रक्तावर ढकलता येणार नाही.

पुण्याजवळची सहा गावे

आता मूळ भांडवलाकडे वळू. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवती स्त्रियांचा अभ्यास आरंभिला. तेथील पूर्ण दिवसांच्या बालकांचे जन्मवजन सरासरी सुमारे २.७ किलोग्रॅम भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ते सुमारे ३.५ किलोग्रॅम होते. परंतु खरे आश्चर्य निराळेच होते. आपल्या बालकांचे स्नायू व अवयव लहान होते, पण त्वचेखालील चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. दिसायला कृश, पण आतून स्थूल! अशा देहास पुढे मधुमेहाचा धोका अधिक असतो.

मोठेपणीही हे चित्र टिकून राहते. डॉ. याज्ञिक यांनी २००४ साली आपले इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांच्यासह दोघांचे एक छायाचित्र प्रसिद्ध केले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही एकच, २२.३, परंतु इंग्रज डॉक्टरांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर आपल्या डॉक्टरांच्या शरीरात २१.२ टक्के. म्हणून 'आमचा मुलगा बारीक आहे, त्यास व्यायाम कशाला?' हा प्रश्नच चुकीचा ठरतो. वजनकाटा खोटे बोलत नाही, पण सारे खरेही सांगत नाही.

याच अभ्यासात आढळले की ज्या माता गरोदरपणी पालेभाज्या, फळे व दूध अधिक घेत, त्यांची बालके जन्मतः मोठी होती. आणि ज्यांच्यावर शेतातील व घरातील कष्टाचा भार अतिशय होता, त्यांची बालके लहान होती. येथे आपल्या घरांनी थांबून विचार करावा. पहाटेपासून रात्रीपर्यंत उभ्याने राबणारी गर्भवती सून हे घराच्या शिस्तीचे भूषण नव्हे. ते पुढील पिढीच्या भांडवलातून केलेले कर्ज आहे. उलट तिला पूर्ण बसवून ठेवणे हेही योग्य नाही. डॉक्टरांची हरकत नसेल तर रोज मोकळ्या हवेत चालणे हितकर होय.

शाकाहारी घराने जाणावी अशी गोष्ट

जीवनसत्त्व ब-१२ वनस्पतींत मिळत नाही. शाकाहारी माणसास त्याचा मुख्य आधार दूध, दही व ताक हाच. पुण्याच्या अभ्यासातील बहुसंख्य मातांमध्ये ते कमी आढळले. ज्या मातांमध्ये ब-१२ कमी व फोलेट अधिक होते, त्यांच्या मुलांच्या शरीरात सहाव्या वर्षी इन्शुलिनला अधिक विरोध दिसून आला, असे २००८ साली प्रसिद्ध झाले. यासाठी आपला आहारधर्म सोडण्याचे कारण नाही. आपल्या तालुक्याची ख्याती कंदांसाठी आहे आणि आपल्यापैकी अनेकांच्या घरी कंद वर्ज्य आहेत. त्यानेही काही अडत नाही, कारण ब-१२ कंदांतही नसते. परंतु विवाहयोग्य मुलीचे व गर्भवतीचे रक्त तपासून घेणे, आणि डॉक्टरांनी सांगितल्यास ब-१२ ची मात्रा देणे, हे कर्तव्य मानावे. घरातील दूध प्रथम पुरुषांच्या चहास आणि उरले तर सुनेस, हा क्रम बदलला पाहिजे.

मुलाचे शरीर ही लहान प्रौढाची प्रत नव्हे

मुलाचे हृदय लहान असते. एका ठोक्यात ते थोडे रक्त फेकते, म्हणून ठोके अधिक पडतात. मूल थोडे धावते, थांबते आणि पुन्हा धावते. यास आपण चंचलपणा म्हणतो. परंतु ती त्याच्या देहाची नैसर्गिक रीत आहे. उंची झपाट्याने वाढते त्या सुमारे दोन वर्षांत प्रौढ हाडांतील खनिजाचा जवळजवळ चौथा हिस्सा जमा होतो. उड्या मारणे, धावणे, चढणे यांचा ताण हाडांवर पडला तरच ही जमा भक्कम होते. नेमक्या याच वयात आपण मुलीचे खेळणे बंद करतो आणि मुलास शिकवणीस बसवितो!

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले आहे की ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे दमछाक होईल असा खेळ खेळावा. प्रौढांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रम करावेत. एक ते चार वर्षांच्या बालकांसाठी दिवसभरात मिळून १८० मिनिटांची हालचाल सुचविली आहे. लोणावळ्याच्या कैवल्यधाम संस्थेत स्वामी कुवलयानंदांनी १९२४ पासून योगासनांची प्रयोगशाळेत परीक्षा आरंभिली; घरच्या घरी आसने करू इच्छिणाऱ्यांस तीही वाट मोकळी आहे.

यास खर्च काहीच नाही. दुकान उघडण्यापूर्वी अर्धा तास चालावे. माल काढावयास नोकरास हाक मारण्यापूर्वी स्वतः उठावे. शाळा जवळ असेल तर मुलांस गाडीने न पाठविता चालत पाठवावे. संध्याकाळचा एक तास मुलामुलींच्या खेळासाठी राखून ठेवावा. दिवाळीस आपण चोपडीपूजन करतो व वर्षाचा ताळेबंद मांडतो. त्याच दिवशी घरातील प्रत्येकाच्या कमरेचा घेर, मुलांची उंची आणि स्त्रियांच्या रक्ततपासणीचे आकडे एका पानावर लिहून ठेवावेत. दुकानात आलेली तूट पुढील हंगामात भरून काढता येते. परंतु बालपणी न जमलेले भांडवल पुढे कोणत्याही व्याजाने पुरते उभे राहत नाही.