गोरखगडावर मुक्कामाला जाताना

पोरांनो, कल्याणहून मुरबाड, पुढे म्हसा आणि मग देहरी. तिथे उतरलात की गोरखगडाचा सुळका समोर उभा. मुक्काम वरच्या लेण्यात करायचा असला, तरी त्याची भिस्त पायथ्याच्या गावावर असते. म्हणून हे ध्यानात ठेवा.

आधी गावात थांबा. किती जण वर जाताय, उद्या केव्हा उतरणार, हे एखाद्या घरी सांगून ठेवा. उतरल्यावर ‘आलो’ म्हणूनही सांगा. वाट चुकलात तर पहिला मदतीला येतो तो गावातलाच माणूस.

डोंबिवलीहून डबे बांधू नका. भाकरी-पिठलं गावात सांगा, पण आदल्या दिवशी. ऐन वेळी दहा माणसं दारात उभी राहिली तर मावशीनं भाकऱ्या थापायच्या कधी? ठरलेले पैसे हातावर ठेवा, घासाघीस करू नका. वाडीतला ठाकर किंवा कातकरी दादा वाट दाखवायला आला, तर त्याच्या दिवसाची मजुरी बुडते हे विसरू नका.

लेण्याशेजारच्या टाक्यातलं पाणी पुढच्यालाही प्यायचं आहे. भांडी, हातपाय त्यात बुडवू नका. पाणी काढून घ्या, लांब जाऊन धुवा, प्यायचं ते उकळा.

शेकोटी नकोच. धुरानं आगेमोहोळ उठतं आणि सुळक्यावर पळायला जागा नसते. उन्हाळ्यात एका ठिणगीनं वणवा पेटतो; गुरांचा चारा, करवंदं, मोहाची फुलं, सगळं जातं. नुकसान वाडीचं होतं.

उघड्यावर जमिनीला पाठ टेकू नका, तंबूची चेन पूर्ण लावा. मण्यार रात्रीच फिरते. तिच्या दंशानं फारसं दुखत नाही, सूजही येत नाही, म्हणून माणूस गाफील राहतो. दंश झाला तर कापाकापी, आवळून बांधणं नको. हालचाल थांबवा, १०८ ला फोन करा, दवाखाना गाठा.

भर पावसात कातळातल्या पायऱ्या चढू नका. त्या खड्या आहेत, निसरड्या होतात.

शेजारच्या सिद्धगडाच्या रानात २ जानेवारी १९४३ ला भाई कोतवाल आणि हिराजी पाटील इंग्रजांच्या पोलिसांशी लढताना हुतात्मा झाले. तिकडे गेलात तर स्मारकापाशी स्पीकर बंद ठेवा, डोकं टेकवा.

आणि कचरा गावाच्या कडेला टाकून येऊ नका. कल्याणपर्यंत आपल्याच पाठीवर आणा.