भाषा उपजत असते, मग ती आपोआप येते का?

अडीच-तीन वर्षांच्या मुलाचं बोलणं कान देऊन ऐकलं की 'मी घर करलं' किंवा 'चिऊ उडून जाली' असं काहीतरी हमखास सापडतं. घरात मोठं माणूस कुणी 'करलं' म्हणत नाही. मग मुलाने हा शब्द आणला कुठून? बसलं, पडलं, हसलं हे ऐकून त्याने मनाशी एक नियम बांधला आणि तो 'कर'ला लावला. नियमाने चालायचं तर 'करलं'च बरोबर, आडमुठेपणा आपल्या मराठीचा! असं मूल बोललं तर हसू नये, लगेच दुरुस्तही करू नये. 'हो का, तू घर केलंस?' एवढं सहज म्हणावं. पुढचं ते स्वतः बघतं.

१९५७ साली बी. एफ. स्किनर यांचं 'व्हर्बल बिहेव्हियर' हे पुस्तक आलं. ऐकणं, अनुकरण करणं आणि शाबासकी मिळाली की तेच पुन्हा करणं, अशा सवयीतून भाषा घडते, असा त्याचा एकंदर सूर. डी.एड., बी.एड.ला आपण हे वाचलेलं असतं. १९५९ मध्ये नोम चॉम्स्की यांनी या पुस्तकाचं परीक्षण लिहून त्यावर कडक टीका केली. त्यांचा मुद्दा साधा आहे. मुलं कधीच न ऐकलेली वाक्यं बोलतात. त्यांच्या कानावर पडणारं बोलणं तुटक, अर्धवट असतं, तरी चार-पाच वर्षांत भाषेचं मुख्य व्याकरण त्यांच्या हाताशी येतं. म्हणजे त्याची काही तयारी जन्मतःच असणार. या तयारीला त्यांनी 'भाषा-संपादन यंत्रणा' म्हटलं. हे मेंदूतलं एखादं वेगळं काढून दाखवता येणारं यंत्र नव्हे, ती एक कल्पना आहे.

सगळ्यांना ती पटलेली नाही. मायकेल टोमासेलो यांच्यासारखे अभ्यासक म्हणतात, खास भाषेसाठी वेगळं काही मानायची गरज नाही. नमुने ओळखणं आणि समोरच्याच्या मनातलं हेरणं या क्षमता मुलाला पुरतात. खरं सांगायचं तर 'करलं' दोन्ही बाजूंना चालतं.

मला स्वतःला या वादापेक्षा निकाराग्वातली हकिगत जास्त शिकवून गेली. या देशात मानाग्वा शहरात १९७७ मध्ये कर्णबधिर मुलांसाठी वर्ग सुरू झाले. तोवर ही मुलं आपापल्या घरी, ऐकू येणाऱ्या माणसांत होती आणि घरापुरत्या चार खुणांवर त्यांचं भागत होतं. १९८३ पर्यंत तिथल्या दोन शाळांत मिळून चारशेवर विद्यार्थी झाले. शिक्षकांचा भर ओठ वाचून स्पॅनिश शिकवण्यावर होता आणि त्याला फारसं यश येत नव्हतं. पण मैदानात आणि बसमध्ये मुलं एकमेकांशी हातांनी बोलत होती. घरोघरच्या खुणा एकत्र आल्या आणि पुढे लहान वयात शाळेत आलेल्या मुलांनी त्यांना नियमांत बसवलं. १९८६ मध्ये ज्युडी केगल या भाषाशास्त्रज्ञ तिथे गेल्या, तेव्हा त्यांना एक नवी भाषाच घडताना दिसली. कुठल्याही शिक्षकाने ती शिकवलेली नव्हती, बरं का!

उपजत क्षमतेचा याहून ठळक पुरावा मला तरी माहीत नाही. पण याच हकिगतीची दुसरी बाजू आहे. घरी एकटं असताना यातल्या कुणाचीच पूर्ण भाषा तयार झाली नव्हती. त्यासाठी सोबत लागली. आणि जे मोठ्या वयात शाळेत आले, त्यांना लहानपणी आलेल्यांइतकी सफाई कधीच आली नाही.

म्हणून 'उपजतच असतं ना, बोलेल हळूहळू, याचे बाबाही उशिराच बोलले' हे वाक्य ऐकलं की काळजी वाटते. मूल हाकेला वळत नसेल, दार आपटलं तरी दचकत नसेल, तर थांबू नका, कानांची तपासणी करून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत येतं, त्यांना आवर्जून सांगा. ऐकू कमी येतं असं निघालं तर यंत्र, उपचार जे काही ठरेल ते होईलच, पण तोवर घर मुकं ठेवू नका. खुणांची भाषा ही पूर्ण भाषा आहे आणि आई-बाबा, आजी सगळ्यांना ती शिकता येते. मुलाच्या वयाची पहिली वर्षं मात्र तपासणीच्या तारखेसाठी थांबत नाहीत.