आई चुकत नाही, आई दमते

ताई, बाळ रडलं की "माझंच काही चुकतंय, दूधच पुरत नाही" असं मनात येतं ना? सासूबाई म्हणतात, वरचं दूध पाजा. शेजारीण आणखी काही सांगते. मग झोप लागत नाही, उगाच डोळे भरून येतात.

अशी घालमेल बाळंतपणानंतर पुष्कळ जणींना होते. हा दोष नव्हे. पंधरवड्यात ती बहुधा ओसरते.

दूध पुरतं की नाही, ते रडण्यावरून ठरवू नका. पहिल्या आठवड्यानंतर बाळ दिवसरात्रीत 6 किंवा जास्त वेळा लघवी करत असेल, वजन वाढत असेल, तर दूध पुरतंय. 6 महिने फक्त अंगावरचं दूध द्या.

दादा, तुम्हीही ऐका. रात्री बाळाला थोडा वेळ घ्या, तिला झोपू द्या. "तुला जमत नाही" असं म्हणू नका.

मूल अंगावर असताना पुन्हा दिवस गेले, तर काळजी दुप्पट होते. पाळी आली नसली तरी दिवस राहू शकतात. म्हणून दोन मुलांत 3 वर्षांचं अंतर ठेवा. तांबी बाळंतपणानंतर 48 तासांच्या आत किंवा 6 आठवड्यांनी बसवता येते. निरोधही आहे.

उदासी पंधरवड्यापलीकडे राहिली, तर आशाताईंना सांगा, प्राथमिक आरोग्य केंद्रात या. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटलं, तर तिला एकटं सोडू नका. त्याच दिवशी दवाखान्यात आणा. 14416 या टेली-मानसच्या क्रमांकावर केव्हाही मोफत बोलता येतं.

पाळणा लांबवा, आईला विसावा द्या!