दोन चाकजोड, एक साखळी

प्रश्न : माझ्या सायकलीला चाकांचे दोन जोड आहेत. नवी साखळी जुन्या जोडावर दात्यांवरून उसळते. काय करावे?

उत्तर : साखळी ताणली जाते हा समज रूढ असला, तरी वस्तुतः खिळे व त्यांभोवतीची छिद्रे झिजून कड्यांमधील अर्ध्या इंचाचे अंतर वाढते, आणि त्या वाढीव मापाला सरावलेले दाते, विशेषतः अकरा दात्यांच्या इवल्या चकतीवरचे, नव्या साखळीला बेदखल करतात. पोलादी पट्टीने खिळ्याच्या मध्यापासून मोजता बारा इंचांवर एक षोडशांश इंच वाढ दिसली, की साखळी बिनतक्रार बदलावी. जुन्या जोडापुरती जुनीच साखळी राखावी (माझ्या खुंटीवर अशा दोन साखळ्या चिठ्ठ्या बांधून टांगलेल्या आहेत). दोन्ही जोडांच्या कॅसेटी (मागच्या चाकावरील चकत्यांचे संच) नव्या घ्याल, तेव्हा मात्र दोन साखळ्या आलटूनपालटून चालवाव्यात.