खुलताबादहून समुद्राकडे

किनाऱ्यावर गाळ-वाळू कशी सरकते, हे उपग्रहाच्या चित्रांवरून शिकायचंय असं मुलगी म्हणाली, की घरात पहिला प्रश्न येतो: खुलताबादेत समुद्र कुठला? पण इथल्या गिरिजा नदीचं गढूळ पाणी पूर्णेला मिळतं, पूर्णा गोदावरीला. वाटेत येलदरीसारखी धरणं बराचसा गाळ अडवतात आणि तिकडे आंध्रात गोदावरीच्या मुखाकडचा किनारा त्या गाळाला मुकतो. विषय आपल्या तालुक्यातूनच सुरू होतो म्हणायचा.

स्वच्छ पाणी अवरक्त किरणं शोषतं, गढूळ पाणी त्यातली काही परत फेकतं. त्यावरून गाळाचा अंदाज बांधतात. वर्षावर्षांच्या चित्रांतून किनाऱ्याची रेषाही आखतात. चेन्नईच्या राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राने 1990 ते 2018 दरम्यानचा किनारा असाच तपासला, तेव्हा देशाच्या मुख्य भूमीचा 33.6 टक्के किनारा झिजताना आढळला. पण अशा चित्रांवरून फसायलाही वेळ लागत नाही. मालवणजवळचं देवबाग म्हणजे समुद्र आणि कर्ली खाडीमधली चिंचोळी पट्टी. तिथे धूप सुरू असली, तरी ओहोटीच्या वेळचं चित्र घेतलं तर किनारा वाढल्यासारखा दिसेल. शिवाय गाळ वाहतो पावसाळ्यात, नेमके तेव्हाच ढग आडवे येतात. रडार ढगांतून किनारा दाखवतं, पण पाण्यातला गाळ मोजायला होडीतून बाटल्या भरून आणाव्याच लागतात.

म्हणून बारावीनंतर लगेच जीआयएसचा, म्हणजे संगणकावरच्या नकाशांचा, महागडा कोर्स लावू नका. सॉफ्टवेअर पुढेही शिकता येतं; लाट वाळू का उचलते, हे त्यात शिकवत नाहीत. आधी भूशास्त्र, भौतिकशास्त्र किंवा सिव्हिलची पदवी, मग सुदूर संवेदन किंवा सागरी भूशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण. त्यासाठीच्या गेट परीक्षेत जिओमॅटिक्सचा स्वतंत्र पेपर आहे. तोवर सरावाला क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर आणि सेंटिनेल-2 उपग्रहाची चित्रं फुकट आहेत, डेहराडूनच्या भारतीय सुदूर संवेदन संस्थेचे मोफत ऑनलाइन कोर्सही असतात.

‘उपग्रह’ म्हटलं की पालकांना थेट इस्रो दिसतं. गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, हैदराबादचं सागरी माहिती केंद्र इन्कॉइस, खडकवासल्याचं जल आणि विद्युत संशोधन केंद्र इथेही हे काम चालतं. मात्र कायम जागा थोड्या. सुरुवातीची काही वर्षं प्रकल्पापुरत्या नेमणुकीवर काढायची तयारी हवी. बंदरांची कामं घेणाऱ्या खासगी सल्लागार कंपन्या हा दुसरा रस्ता.

प्रवेश घेताना कॉलेजला विचारा, विद्यार्थ्यांना नदीवर, किनाऱ्यावर नेता का? उत्तरादाखल नुसती संगणकांची खोली दाखवली, तर दुसरं कॉलेज बघा.