पहिल्या रांगेत कोणी उभे राहावे?

शाळेच्या मैदानावर शंभर मीटरची शर्यत लागते तेव्हा सारे धावपटू चुन्याच्या एकाच रेघेवर उभे राहतात. कोणी पुढे नाही, कोणी मागे नाही. पण अशी एक शर्यत डोळ्यांसमोर आणा की जिच्यात सर्वांना एका रेघेवर उभे करताच येत नाही. रस्ता आठ मीटर रुंद, प्रत्येक गाडी सुमारे सव्वा ते दीड मीटर रुंद, आणि गाड्या नऊ! दोन-दोनच्या रांगा लावल्यावाचून गत्यंतर नाही. मग पुढच्या रांगेत कोणी राहायचे आणि मागच्या रांगेत कोणी?

हा प्रश्न कार्टच्या शर्यतीत दर वेळी उभा राहतो. कार्ट म्हणजे पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर चार लहान चाके, एक छोटे इंजिन आणि जमिनीला जवळजवळ टेकलेली बैठक. तिला स्प्रिंगा नसतात, छप्पर नसते. १९५६ साली अमेरिकेतील कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स याने गवत कापण्याच्या यंत्राचे इंजिन बसवून अशी पहिली गाडी तयार केली. आज जगभर अनेक गावांत कार्टचे हौशी क्लब आहेत आणि त्यांत तुमच्या वयाची मुलेमुलीही गाडी चालवतात. आपल्याकडे कोल्हापूरजवळच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्ट स्पर्धेच्या फेऱ्या झालेल्या आहेत.

पुढची जागा इतकी मोलाची का?

थोडे गणित करू. समजा ट्रॅक १ किलोमीटर लांबीचा आहे आणि चांगला चालक एक फेरी ४५ सेकंदांत पुरी करतो. म्हणजे त्याचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे २२ मीटर, अर्थात ताशी ८० किलोमीटर झाला. दोन रांगांत ४ मीटर अंतर ठेवले, तर नववी गाडी पाचव्या रांगेत, म्हणजे पहिलीच्या १६ मीटर मागे उभी राहील. हे अंतर तोडायला पाऊण सेकंदही लागत नाही. मग एवढी तक्रार कशाला?

खरी मेख पहिल्या वळणावर आहे. वळणातून वेगाने जाण्याची उत्तम वाट एकच असते आणि तेथे नऊही गाड्या एकदम पोहोचतात. शाळा सुटल्यावर फाटकापाशी काय होते ते आठवा! पुढचा थोडा थांबला की मागच्याला अधिक थांबावे लागते. समजा या गर्दीत प्रत्येक गाडी आपल्या पुढच्या गाडीपेक्षा ०.४ सेकंद मागे पडली. मग नववी गाडी पहिलीच्या ८ × ०.४ = ३.२ सेकंद मागे पडेल. आता नववा चालक पहिल्यापेक्षा प्रत्येक फेरीत ०.२ सेकंदाने सरस आहे असे धरा. ही तूट भरून काढायला त्याला ३.२ ÷ ०.२ = १६ फेऱ्या लागतील, आणि त्याही वाटेत कोणी आडवे आले नाही तर! क्लबाची प्राथमिक शर्यत मात्र पुष्कळदा आठ-दहा फेऱ्यांतच संपते. म्हणजे सरस असूनही तो हरणार, आणि तोही केवळ उभे राहण्याच्या जागेमुळे.

जुने उपाय

१९११ साली अमेरिकेत इंडियानापोलिसची पहिली पाचशे मैलांची शर्यत झाली, तेव्हा ज्या क्रमाने प्रवेश-अर्ज आले त्या क्रमाने गाड्या उभ्या केल्या होत्या. हे सोपे खरे. पण लवकर अर्ज धाडणे आणि गाडी चांगली चालवणे यांचा संबंध काय?

दुसरा उपाय चिठ्ठ्या टाकण्याचा. युरोपातील मोठ्या शर्यतींत अशीच पद्धत होती. पुढे १९३३ साली मोनॅकोच्या ग्रां प्री शर्यतीत सरावातील वेळेवरून जागा ठरवल्या गेल्या. ज्याची फेरी सर्वांत कमी वेळात, तो सर्वांत पुढे. आज मोठ्या शर्यतींत सामान्यतः हाच नियम आहे.

मग क्लबानेही तोच का पाळू नये? ऐकायला तो अगदी न्याय्य वाटतो. पण वेळ मोजताना सर्वांची परिस्थिती सारखी असते का, हे आधी तपासले पाहिजे. सकाळी पाऊस पडून गेला असेल, तर ट्रॅक हळूहळू वाळतो आणि शेवटी येणाऱ्याला कोरडा रस्ता मिळतो. एखाद्याच्या पुढे नेमका हळू चालणारा येतो आणि त्याची फेरी वाया जाते. नवे टायर रस्त्याला अधिक घट्ट धरतात, म्हणून ज्याच्या घरी पैसा आहे तो वेळ नोंदवण्यासाठी कोरे टायर चढवतो. आपल्या ट्रॅकवर ०.१ सेकंद म्हणजे २.२ मीटर, जवळजवळ एका कार्टची लांबी. एवढ्याशा फरकाने जागा बदलते आणि तेवढा फरक वाळलेल्या रस्त्यानेही पडू शकतो. शिवाय सर्वांत वेगवान चालक सर्वांत पुढे उभा राहिला की तो निघून जातो आणि बाकीची वरात मागून चालते. ओलांडून पुढे जाण्याची कला नवशिक्याने मग शिकावी कोठे?

चिठ्ठीला वेसण

म्हणून ब्रिटनमधील अनेक क्लबांनी एक मधला मार्ग धरला. एकाच दिवशी तीन छोट्या प्राथमिक शर्यती घ्यायच्या, त्यांतील क्रमांकांची बेरीज करायची आणि त्या बेरजेवरून अंतिम शर्यतीतील जागा द्यायच्या. जिची बेरीज सर्वांत कमी, ती गाडी सर्वांत पुढे. अंतिम शर्यतीची जागा अशी कमावलेली असते.

पण प्राथमिक शर्यतींतील जागांचे काय? तिन्ही वेळा नुसत्या चिठ्ठ्या टाकल्या तर? नऊ जागांचे पुढचे, मधले आणि मागचे असे तीन-तीनचे गट करा. एखाद्याला तिन्ही वेळा मागचाच गट मिळण्याची शक्यता १/३ × १/३ × १/३ = १/२७ आहे. ही फार लहान वाटते. परंतु चालक नऊ आहेत. म्हणजे सरासरीने दर तीन स्पर्धादिवसांमागे एक जण दिवसभर मागेच उभा राहणार! महिनाभर खाऊचे पैसे साठवून आलेल्या मुलीच्या वाट्याला हे आले, तर ‘नशीब’ म्हणून तिची समजूत घालणे योग्य होईल का?

येथे अंकगणित मदतीला येते. पुढील तक्ता पाहा. अक्षर हे चालकाचे आणि अंक तीन शर्यतींतील जागांचे.

क : १, ५, ९
ख : २, ६, ७
ग : ३, ७, ५
घ : ४, ८, ३
च : ५, ९, १
छ : ६, १, ८
ज : ७, २, ६
झ : ८, ३, ४
ट : ९, ४, २

प्रथम उभे स्तंभ तपासा. प्रत्येक स्तंभात १ ते ९ हे अंक एकेकदाच आले आहेत. म्हणजे एका जागेवर दोघे उभे राहत नाहीत. आता आडव्या ओळींची बेरीज करा. प्रत्येक ओळीची बेरीज १५! एवढेच नव्हे, तर प्रत्येकाला एकदा पुढचा गट (१ ते ३), एकदा मधला (४ ते ६) आणि एकदा मागचा (७ ते ९) मिळाला आहे.

चिठ्ठी आता एकदाच टाकायची, कोणाला कोणते अक्षर मिळावे यासाठी. दैव पुरते हद्दपार झाले नाही, पण त्याला वेसण बसली.

बेरीज सारखी, पण न्याय?

चौकस विद्यार्थी येथे हात वर करील. बेरीज सारखी असली म्हणजे संधीही सारखी असते का? प्रत्येक जागा मागे गेल्याने सारखेच नुकसान होत असेल तरच तसे म्हणता येईल. पहिल्या जागेवरच्या चालकापुढे मात्र कोणीच नसते. तो गर्दीतून साफ सुटतो. ही विशेष जागा तक्त्यात फक्त क, च आणि छ यांना मिळाली. सर्वांना ती एकेकदा द्यायची तर नऊ शर्यती घ्याव्या लागतील, आणि तेवढा दिवस कोठून आणायचा? म्हणून आपला तक्ता संपूर्ण न्याय देत नाही; अन्याय पुष्कळ कमी मात्र करतो.

कोणी म्हणेल, मागील स्पर्धेत जिंकलेल्यांना सर्वांत मागे उभे करा. अशा उलट्या क्रमाने शर्यत रंगते खरी, पण पुढच्या वेळी चांगली जागा मिळावी म्हणून मुद्दाम हळू चालवण्याचा मोहही होतो. नियम करताना तो नियम माणसाला काय करायला शिकवील, हेही पाहावे लागते. अगदी नवख्या चालकांना पहिले काही दिवस सर्वांत मागे ठेवण्याची रीत आहे. तेथे हेतू न्यायाचा नसून सुरक्षिततेचा आहे. पहिल्या वळणावरच्या गर्दीत गोंधळलेला चालक स्वतःला आणि इतरांनाही इजा करील. म्हणजे आधी हेतू ठरवावा आणि मग नियम.

करून पाहा

१. आपल्या तक्त्यात दुसरा अंक पहिल्यात ४ मिळवून आला आहे (९ च्या पुढे गेल्यास ९ वजा करा), आणि तिसरा अंक १५ मधून पहिल्या दोहोंची बेरीज वजा करून. याच रीतीने सात चालकांचा तक्ता बनवा. ४ ऐवजी किती मिळवाल? बेरीज किती येईल?

२. आठ चालकांसाठी प्रत्येकाची बेरीज सारखी येणे शक्य नाही. का? (सर्व जागांची एकूण बेरीज करून तिला आठाने भागा.) निदान प्रत्येकाची बेरीज १३ किंवा १४ येईल असा तक्ता जमतो का पाहा.

३. तुमच्या वर्गात पुढच्या बाकावर कोणी बसायचे हे कसे ठरते? महिनाभरासाठी सर्वांना न्याय देणारा तक्ता करा आणि तो गुरुजींना किंवा बाईंना दाखवा.