जुन्या अँबॅसिडर मोटारीचा गिअर अडत असल्यास

स्टीअरिंगच्या खांबास गिअरची दांडी असलेल्या मोटारींपैकीं अँबॅसिडर आपणांस विशेष परिचयाची आहे. इंग्लंडांतील मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून हिंदुस्थान मोटर्सनें ती घडविली व इ. स. २०१४ मध्यें तिचें उत्पादन थांबलें. तथापि कित्येक शेतकरी बंधूंच्या अंगणांत ती अद्यापि उभी आहे. तिचा गिअर अडूं लागला कीं गिअरबॉक्स उतरविण्याची भाषा सुरू होते. परंतु बांधाच्या तंट्यांत जसें आधीं मोजणीचें दप्तर पाहावें, तसें येथेंही आधीं बाहेरील चौकशी करावी, असें आम्ही सुचवितों.

चार गिअरांच्या जुन्या गाडींत दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या गिअरास वेग जुळविणारीं पितळी कडीं असतात; पहिल्यास व मागच्या गिअरास तीं नाहींत. म्हणून हे दोन गिअर गाडी पूर्ण थांबल्यावर, क्लच दाबून तीन अंक मोजून मगच टाकावे. तेवढ्यानें खरखर थांबल्यास दोष यंत्राचा नसून घाईचा समजावा.

परीक्षा पहिली : सपाट जागीं इंजिन बंद करून सर्व गिअर टाकून पाहावे. एखादा न पडल्यास क्लच सोडून गाडी किंचित् पुढें ढकलावी. मग तो पडला तर दातावर दात आला होता, इतकेंच.

परीक्षा दुसरी : चाकांस दगड लावून, हँडब्रेक ओढून इंजिन सुरू करावें. बंद इंजिनावर सहज पडणारा पहिला गिअर आतां थांबूनही खरखरत असेल, तर क्लच पुरता सुटत नाहीं. पेडलाची रिकामी चाल फार आहे काय, हें पाहावें. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीची क्लचप्लेट गंजून चिकटण्याचाही संभव असतो.

परीक्षा तिसरी : बंद इंजिनावरही दांडी अडत असल्यास एकानें दांडी हलवावी व दुसऱ्यानें खांबाच्या तळापासून गिअरबॉक्सपर्यंतच्या सळ्या पाहाव्या. दांडी हलते पण सळी मागाहून हलते, असें दिसल्यास बूश झिजले आहेत. त्यामुळें दांडी दोन गिअरांमध्यें अडकते. बूश बदलून सळ्या नीट जुळवून घ्याव्या. इंजिनाखालील रबरें तुटलीं असल्यास तींही बदलावीं.

तेलाची पातळी पाहावी. तेल गाडीच्या पुस्तिकेंत सांगितलेल्या जातीचेंच घालावें. मागील धुरीसाठीं केलेल्या कित्येक तेलांतील द्रव्यें पितळी कड्यांस बाधक होतात.

याउपर चालत्या गाडींत एकच गिअर खरखरत असेल, किंवा पडलेला गिअर आपोआप सुटत असेल, तर मात्र गिअरबॉक्स उघडणें प्राप्त आहे. सुटणारा गिअर हातानें दाबून ठेवूं नये. आंतील फोर्क झिजतो. अशी गाडी घेऊन घाट तर कदापि उतरूं नये. उतारावर गिअर सुटला म्हणजे इंजिनाचा रोध नाहींसा होतो व सर्व भार ब्रेकांवर पडतो. दुरुस्तीचा खर्च टाळण्यासारखा असेल तेथें अवश्य टाळावा; येथें तो टाळूं नये.